दुपारच्या फेरीनंतर डोकं उठतं, पोटऱ्यांत गोळे येतात: गाडीवरच्या उन्हाचा तपास आणि इलाज

तक्रार अशी

मी ठिबकच्या साहित्याचं काम करतो. दुकान सोलापुरात, गिऱ्हाईक शेतात. त्यामुळं आठवड्यातले चार-पाच दिवस गाडीवर: कधी मंगळवेढा-सांगोला, कधी विजापूर रोडनं मंद्रूप, कधी अक्कलकोट. गाडी साधी, १२५ सीसीची. दिवाळीपासून होळीपर्यंत काही कुरकुर नसते. होळी झाली की तक्रारी सुरू, आणि त्यांचा क्रमही ठरलेला. पहिल्या आठवड्यात बाही संपते तिथून खाली हात काळवंडून सोलायला लागतात. मग डोळे चुरचुरतात. मग दुपारी घरी आलो की कपाळाच्या दोन्ही बाजूंनी ठणका. एप्रिलच्या मध्यापर्यंत रात्री झोपेत पोटरीला गोळे, आणि सकाळी लघवी गडद पिवळी. शर्टाच्या पाठीवर वाळलेल्या घामाचे पांढरे नकाशे. दरवर्षी हेच, आणि दरवर्षी मी म्हणायचो, सोलापूरचा उन्हाळा आहे, होणारच.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मंद्रूपहून परत येताना सैफुलच्या चौकात लाल सिग्नलमधून मी सरळ पुढं गेलो. घाई नव्हती. सिग्नल दिसला होता, लाल आहे हेही कळलं होतं; पण लाल म्हणजे थांबायचं, हा पुढचा विचार डोक्यात आलाच नाही. एका रिक्षावाल्यानं शिवी हासडली तेव्हा भानावर आलो. (शिवी रास्त होती.) गाडी बाजूला घेतली, तर साइड स्टँड न लावताच उतरलो आणि गाडी अंगावर घेतली. त्या दिवशी ठरवलं, गाडी मिसिंग करायला लागली की जसं प्लग, फिल्टर, वायर एकेक करून तपासतो, तसं हे तपासायचं.

आधी मी काय करत होतो

उन्हाळा लागला की अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, म्हणजे वारा लागेल. गावाबाहेर पडलं की हेल्मेट कोपरात अडकवायचं, कारण डोकं उकडतं. पाणी वाटेत नाही प्यायचं. मंगळवेढ्यात पोचल्यावर एकदम दीड बाटली घटाघटा. वर बर्फ घातलेला उसाचा रस. एवढं करूनही त्रास होतो, म्हणजे ऊनच जास्त आहे, अशी माझी खात्री.

हे सगळं मी आमच्या मेकॅनिकला सांगितलं. तो माझ्या वर्गातला, त्यामुळं भीडभाड नाही. हात पुसत म्हणाला, "काय करलालास बे? भट्टीच्या तोंडाला पंखा लावून त्याच्यासमोर उघडा बसलालास की तू."

हसण्यावारी नेलं, पण मूळ बिघाड त्यानं बरोबर पकडला होता.

मूळ कुठं आहे

आपल्या कातड्याचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा २८-३० अंशांची असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला गाडीवर जाताना कुडकुडतो. पण हवाच ४२ अंशांची झाली की हिशोब उलटा फिरतो. आता वारा अंगाला उष्णता आणून देतो, आणि गाडी जितकी जोरात तितकी जास्त. त्यात पेपरात येणारं ४२ हे सावलीतलं असतं. हवामान खातं तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर ठेवून मोजतं. आपण सावलीत नसतो. वरून ऊन, खालून डांबराची धग, दोन मांड्यांमध्ये इंजिन.

मग माणूस टिकतो कशानं? घामानं. घाम वाळताना कातड्याची उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं, आणि आपल्याकडं माठ चांगला चालतो, कारण दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. मुंबईत माठ एवढा गार करत नाही. आता गाडीवरची गोम अशी: उघड्या अंगावरचा घाम त्या कोरड्या वाऱ्यात इतका पटकन वाळतो की आपण घामेजलोय हे कळतच नाही. "मला घाम फारसा येत नाही" असं मी छातीठोक सांगायचो. शर्टावरचे पांढरे नकाशे कुठून यायचे याचा विचार केला नव्हता. अशा उन्हात तासाला लिटरभर पाणी घामावाटे जाऊ शकतं, आणि त्याबरोबर मीठ. मंगळवेढा ५५ किलोमीटर, म्हणजे सव्वा-दीड तास. पोचेपर्यंत माठ रिकामा, आणि मग त्यात एकदम दीड बाटली ओतायची.

थोडक्यात दोन गोष्टी हव्या होत्या: गरम वारा अंगाला थेट लागू नये, आणि वाळण्यासाठी लागणारं पाणी माझ्या अंगातलं न जाता बाहेरचं जावं.

खरं तर हे उत्तर मी रोज डोळ्यांनी बघत होतो. सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागांवर उन्हाळ्यात जुन्या साड्या पांघरलेल्या असतात, लाल-हिरव्या-जांभळ्या, काठपदरासकट. फळाला ऊन लागून डाग पडू नये म्हणून. फळ झाकायचं असतं हे शेतकऱ्याला कळतं. त्याच बांधावर मी उघड्या कोपरांनी उभा राहून लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, भाव सांगत होतो.

ओला शर्ट: पहिला प्रयोग फसला, दुसरा जमला

पहिला प्रयोग साधा. पांढरा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. तिऱ्ह्याला सीना ओलांडली की एका हॉटेलाच्या हौदावर थांबलो, शर्ट काढून बुडवला, पिळला, घातला आणि निघालो. दुपारचा एक वाजलेला. पहिली पाच मिनिटं तर दात वाजतील की काय असं वाटलं. ऐन मे महिन्यात थंडी वाजली याचंच हसू येत होतं. कामती यायच्या आत सगळं संपलं. कॉलर कडक, बाह्या खडखडीत, छाती कोरडी. पण पाठीला हात लावला तर पाठ ओलीच.

त्या ओल्या पाठीनं गुपित सांगितलं. जिथं वारा थेट लागतो तिथं पाणी दहा-पंधरा मिनिटांत उडतं, जिथं आडोसा आहे तिथं टिकतं. म्हणजे ओल्याच्या वर आडोसा पाहिजे, पण हवा अगदीच बंद नको.

दुसऱ्या दिवशी ओल्या शर्टावर जाळीचं रायडिंग जॅकेट घातलं. पुढून जाळी असल्यानं वारा आरपार. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग जॅकेटच्या आत छातीला पावसाळ्यासाठी जे अस्तर येतं ते लावलं, चेन गळ्यापासून चार बोटं उघडी ठेवली आणि मनगटाचे पट्टे सैल केले. आता वारा गळ्यातून आणि बाह्यांतून थोडा थोडा शिरतो, ओल्या शर्टावरून फिरतो आणि कमरेतून बाहेर पडतो. तिऱ्ह्याला भिजवलेला शर्ट बेगमपूरच्या भीमेच्या पुलापर्यंत ओलसर राहिला. माचणूरला देवळापाशी झाडाखाली पुन्हा बुडवला, तो मंगळवेढ्यापर्यंत पुरला. त्या दिवशी डोकं दुखलं नाही.

जॅकेट नसलं तर? ओल्या शर्टावर दुसरा, जरा जाड, सैल, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, गळ्याचं एक बटण सोडून. अर्धा फायदा तरी नक्की मिळतो. पडलो तर सदरा कातडं वाचवत नाही, म्हणून माझं मत जॅकेटच्या बाजूनं आहे. पण सात-आठशे रुपयांचं सामान विकायला तीस किलोमीटर जाणाऱ्याला मी पाच हजारांचं जॅकेट घ्यायला सांगणार नाही.

सिग्नलवर नायलॉनच्या ताणणाऱ्या बाह्या विकतात, त्याही चालतात, ओल्या केल्या तर. कोरड्या वापरल्या तर कातडं काळवंडत नाही एवढाच उपयोग.

एक सावधगिरी. हा सगळा खेळ कोरड्या हवेवर चालतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून आलं, उकडायला लागलं, की ओला शर्ट नुसता चिकटतो आणि गार काही होत नाही. तेव्हा ओलं सोडून द्या, सैल आणि कोरडं घाला.

मानेला टॉवेल, पण कुठला

सोलापुरात टॉवेलची काय कमी. चाटी गल्लीत जाऊन मी आधी भला मोठा टर्किश टॉवेल आणला, तोंडाला गुंडाळला आणि वरून हेल्मेट घातलं. हेल्मेट वर उचललं गेलं, पट्टा शेवटच्या भोकाला. डोकं हलवलं की हेल्मेट वेगळं हलायचं. असं हेल्मेट पडताना डोक्यावर राहात नाही, म्हणजे घातलंय आणि नाही सारखंच.

आता फक्त नॅपकिन. दोन्ही बाजूंनी फासे असलेला सोलापुरी नॅपकिन पाणी भरपूर धरतो. ओला करून, पिळून, घडी घालून मानेभोवती एकच वेढा आणि टोकं जॅकेटच्या आत. ती टोकं आत गेलीच पाहिजेत. मोकळं सुटलेलं उपरणं किंवा ओढणी मागच्या चाकात, चेनमध्ये गेली की सावरायला वेळ मिळत नाही. मागं बसणाऱ्या बाईच्या पदराचंही तेच; निघण्यापूर्वी स्वतः वळून बघा.

हेल्मेट

हेल्मेटमुळं डोकं तापतं, हा समज मी पंधरा वर्षं पोसला. आत जो पांढरा थर्माकोलसारखा थर असतो, तो मार सोसण्यासाठी असला तरी उन्हालाही अडवतोच. थर्माकोलच्या पेटीत बर्फ टिकतो ते त्यामुळंच. उघड्या डोक्यावर ऊन थेट पडतं. उकडतं ते घामानं, केसांनी आणि सहा महिने न धुतलेल्या अस्तरानं. अस्तर निघत असेल तर काढून साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. आत पातळ सुती टोपी किंवा हातरुमाल घाला, ओला केलात तर उत्तम. घाम डोळ्यांत उतरत नाही. आयएसआय शिक्का असलेलं, पांढरं किंवा फिकं, पुढं हवेची भोकं असलेलं घ्या. काळं हेल्मेट रुबाबदार दिसतं खरं, पण उन्हात दहा मिनिटं ठेवून मग हात लावून बघा.

काच बंद ठेवा, फार तर बोटभर उघडी. माझी डोळ्यांची चुरचुर निव्वळ काच वर करून चालवण्यानं होती. गरम वारा बुबुळं सुकवतो आणि मुरमाची धूळ उरलेलं काम करते. साध्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या काचेतून अतिनील किरणं फारशी येत नाहीत, त्यामुळं काळ्या काचेचा हट्ट नको. संध्याकाळी परतताना काळ्या काचेतून बैलगाडी दिसत नाही.

पाणी: पाट नको, ठिबक

माझ्याच धंद्यातली गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. शेतकऱ्याला रोज सांगतो, पाटानं एकदम सोडलेलं पाणी मुळाखाली निघून जातं, थेंब थेंब द्या. आणि स्वतः मंगळवेढ्यात पाट सोडून बसायचो. एकदम दीड बाटली प्यायलो की पोट डबडबायचं, अर्ध्या तासात लघवीला जावं लागायचं, आणि पोटरीचे गोळे तसेच.

आता दर १५-२० मिनिटांनी थांबून पेलाभर. तहान लागायची वाट बघत नाही. बाटली टाकीवरच्या पिशवीत, ओल्या मोज्यात घातलेली. जुना सुती मोजा भिजवून बाटलीला चढवा, वाऱ्यात पाणी माठासारखं राहातं. धुतलेला मोजा, हे वेगळं सांगायला नको.

निव्वळ पाणी मात्र पुरत नाही, मीठ गेलेलं असतं. लांबची फेरी असेल तर घरून एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून नेतो, चमचा चहाचा. नाहीतर औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. कमी पाण्यात घट्ट करून पिऊ नका. ताकात मीठ-जिरं घालून सगळ्यात बरं, पण ते दुपारपर्यंत आंबतं. बीपीच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल, तर मिठा-साखरेचं आधी डॉक्टरांना विचारा. खिशातल्या कांद्याबद्दल आमच्या आत्यांशी वाद घालून उपयोग नाही, म्हणून मी कांदा नेतो आणि भाकरीबरोबर, शेंगाचटणीला लावून खातो.

हात, पाय, सीट

हातमोजे सुती किंवा पातळ कापडी, तळव्याला पकड असलेले. उघड्या हातांची मागची बाजू सगळ्यात आधी भाजते, कारण ती थेट वर असते. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, निघण्याच्या १५-२० मिनिटं आधी, आणि घामानं धुपतं म्हणून दोन तासांनी पुन्हा. नाक आणि कानाच्या पाळ्या विसरू नका. पायांत चप्पल नको, बूट; सायलेन्सरची बाजू आणि डांबराची धग दोन्ही सोसवत नाही.

रेक्झिनच्या सीटवर जुन्या टॉवेलची घडी टाकून जा आणि परत आल्यावर ती उचलून बसा. मोबाईल हँडलवर उन्हात लावू नका, तापून बंद पडतो, आणि नेमका रस्ता विचारायचा असतो तेव्हाच.

गाडीचं थोडक्यात

टायरची हवा सकाळी, टायर गार असताना बघा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो. दुपारी तापलेल्या टायरात हवा जास्त दिसते म्हणून सोडू नका; गार झाल्यावर ती कमी भरते. ऑइलची पातळी बघा. टाकी तोंडापर्यंत गच्च भरू नका, पेट्रोल तापून फुगतं आणि झाकणातून झिरपतं. दर एप्रिलला मोबाईलवर फिरणारा "टाकी भरली तर उन्हात स्फोट होतो" हा निरोप मात्र सोडून द्या. पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापावं लागतं, आपलं सोलापूर अजून तिथं पोचलेलं नाही.

कधी थांबायचं

हे मात्र नीट वाचा. पोटरीत गोळा, चक्कर, मळमळ, भरपूर घाम, डोकं जड: गाडी तिथंच सावलीत लावायची, जॅकेट काढायचं, अंग ओलं करायचं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. "आता दहाच किलोमीटर राहिलेत" हे वाक्य डोक्यात आलं की ते तापलेल्या डोक्याचं समजा. माझी खूण मी ठरवून ठेवली आहे: गेलेल्या तीन गावांची नावं उलट्या क्रमानं म्हणायची. माचणूर, बेगमपूर, कामती. अडखळलो तर थांबतो. सैफुलच्या चौकात त्या दिवशी मला एकही आलं नसतं.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, अंग चटका बसण्याइतकं गरम लागलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. घाम असो वा नसो. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका: सावलीत आडवं करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा, जांघा यांना ओली गार फडकी लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आणि जमेल तिथं १२ ते ४ टाळाच. मी गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय, मे महिन्यात सकाळी साडेसहाला बांधावर येतो. पहिल्यांदा कुरकुरले. आता सांगोल्याचे एक मामा चहा टाकूनच वाट बघतात, कारण त्यांनाही दुपारी माझ्यासाठी घराबाहेर पडायचं नसतं.

एक अडचण उरली आहे

सिग्नल. गाडी थांबली की वारा थांबतो, जॅकेटच्या आतला ओलावा तिथल्या तिथं कोंडतो आणि अंगाची उकड होते. ९० सेकंदांचा आकडा ४० वर येईपर्यंत नको नको होतं. चेन पूर्ण खाली ओढतो, इंजिन बंद करतो, काच वर करतो, एवढंच सध्या जमतं. बाकी उपाय सगळ्या सोलापूरनं आधीच शोधलेला आहे: रेषेच्या चाळीस फूट मागं कडुलिंबाची जेवढी सावली पडली असेल, तेवढ्यात बाराएक गाड्या खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि पुढचा सगळा रस्ता मोकळा. मागचा चारचाकीवाला एसीत बसून हॉर्न वाजवतो. वाजवू दे.